परिस्थितिवैज्ञानिक प्रतिमानांचे संगणकीय अध्ययन : एक वाचनप्रक्रिया

१. विषयाची मांडणी

‘प्रतिमान’ हा शब्द मराठी वाङ्मयीन चर्चेत आता रुळला आहे. एखाद्या गुंतागुंतीच्या वस्तूची काही अंगे वगळून व काही ठळक करून केलेले सुटसुटीत प्रतिरूप, असा त्याचा स्थूल अर्थ घेतला जातो. सजीवांचे परस्परांशी व भोवतालाशी असलेले संबंध अभ्यासणाऱ्या परिस्थितिविज्ञानातही हा शब्द फारशा वेगळ्या अर्थाने येत नाही. तेथेही काय वगळावे आणि काय ठेवावे, हाच मूळ प्रश्न असतो. फरक पडतो तो माध्यमाचा. साहित्याभ्यासक आपले प्रतिमान गद्यात मांडतो. परिस्थितिवैज्ञानिक ते आरंभी गद्यात, नंतर समीकरणात, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढत्या प्रमाणात संगणकाच्या आज्ञावलीत मांडत आला आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या माध्यमांतराकडे लक्ष द्यावे, याला एक तातडीचे कारण आहे. पर्यावरणलक्ष्यी समीक्षेने परिस्थितिविज्ञानाकडून ‘समतोल’, ‘परिसंस्था’, ‘धारणक्षमता’ असे अनेक शब्द उसने घेतले आहेत. कादंबरीतील अरण्य किंवा कवितेतील नदी यांविषयी बोलताना हे शब्द बहुधा सिद्ध सत्यांसारखे वापरले जातात. ज्या शास्त्रातून ते आले, त्या शास्त्राचा विद्यार्थी मात्र ते निराळ्या रीतीने शिकतो. ‘आर’ किंवा ‘पायथॉन’ यांसारख्या संगणकभाषेत तो दहा-वीस ओळींची आज्ञावली लिहितो, ती चालवतो, उत्तर पाहून चकित होतो आणि मग एकेक ओळ पुन्हा वाचू लागतो. या पुनर्वाचनात समतोल हे गृहीत उरत नाही. ते काही विशिष्ट अटींवर मिळणारे उत्तर ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की आज्ञावली लिहून प्रतिमान शिकणे ही मूलतः वाचनाची व अनुवादाची साधना आहे. गद्यातील विधान समीकरणात आणि समीकरण आज्ञावलीत उतरवताना प्रत्येक पायरीवर अर्थ बदलतो. मिळालेल्या उत्तराचा कोणता भाग निसर्गाचा, कोणता समीकरणाचा आणि कोणता आज्ञावलीच्या भाषेचा, हे वेगळे करता येणे म्हणजे ही विद्या शिकणे. तिची एक मर्यादाही आहे. संहितेत लिहिलेली गृहीतके ती उघडी पाडते. जे संहितेत कधी आलेच नाही, ते तिला दिसत नाही. या दोन्ही बाजू काही सुपरिचित उदाहरणांच्या आधारे येथे पाहावयाच्या आहेत.

२. विधान आणि आज्ञा

आरंभ बहुधा लोकसंख्यावाढीच्या सर्वांत साध्या सूत्रापासून होतो. थॉमस माल्थस याने १७९८ साली मानवी लोकसंख्येच्या वाढीविषयी जे प्रतिपादन केले, ते गद्यात होते. बेल्जियन गणिती पिएर फ्रान्स्वा व्हेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये त्या विचाराला मर्यादेची जोड दिली. संख्या जसजशी वाढते तसतसा वाढीचा वेग मंदावतो आणि अखेरीस ती एका पातळीवर स्थिरावते, हे त्याने समीकरणात मांडले. या पातळीलाच पुढे धारणक्षमता म्हटले जाऊ लागले. हे समीकरण ‘लॉजिस्टिक’ या नावाने ओळखले जाते.

विद्यार्थी ते आज्ञावलीत उतरवतो तेव्हा त्याची मध्यवर्ती ओळ साधारणपणे अशी होते :

संख्या = संख्या + वाढदर × संख्या × (१ − संख्या ÷ धारणक्षमता)

गणिताच्या सवयीने ही ओळ वाचणारा येथेच अडखळतो. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना ‘संख्या’ आहे आणि उजवीकडे तिच्यात आणखी काही मिळवलेले आहे. गणिती विधान म्हणून वाचल्यास, संख्या शून्य किंवा धारणक्षमतेइतकी असल्याखेरीज, ही ओळ असत्य आहे. पण ती विधान नाहीच. ती आज्ञा आहे. उजवीकडील हिशेब करावा आणि येणारे उत्तर ‘संख्या’ या नावाखाली ठेवावे, असे ती यंत्राला सांगते. जुना आशय पुसला जातो, नाव तेच राहते. बरोबरीच्या चिन्हाचे हे दोन अर्थ वेगळे दिसावेत म्हणून ‘पास्कल’ भाषेत त्यामागे अपूर्णविराम जोडतात, तर ‘आर’ भाषेत बाणाचे चिन्ह वापरण्याची रूढी आहे. संगणकाच्या संहितेला मराठीने ‘आज्ञावली’ हा शब्द दिला, त्यात हा भेद आपोआप नोंदला गेला आहे.

साहित्याभ्यासकाला विधानार्थ आणि आज्ञार्थ यांतील फरक नवा नाही. विधान खरे किंवा खोटे असते. आज्ञा पाळली जाते किंवा मोडली जाते. पाळल्या गेलेल्या आज्ञांच्या मालिकेतून निसर्गाविषयीचे विधान कसे निघते, हा प्रश्न त्यामुळे पहिल्याच ओळीत उभा राहतो.

एक हिशेब कागदावर करून पाहता येतो. आरंभीची संख्या १००, धारणक्षमता १०००, वार्षिक वाढदर ०.५ असे मानले, तर पहिल्या वर्षाअखेर संख्या १४५ होते, दुसऱ्या वर्षाअखेर सुमारे २०७ आणि तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे २८९. वाढ आधी जोर धरते, नंतर ओसरते आणि संख्या १००० च्या निकट येऊन थांबते. आलेखावर इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी, निजलेली वक्ररेषा दिसते. समतोलाची लोकप्रिय कल्पना या रेषेशी अगदी जुळते, आणि बरेचसे सामान्य वाचन येथेच थांबते.

३. काळाची पायरी

विद्यार्थ्याला पुढची सूचना बहुधा इतकीच असते, की वाढदर बदलून पाहावा. तो ०.५ ऐवजी २.३ केला आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर संख्या धारणक्षमतेवर स्थिरावत नाही. आरंभीची काही वर्षे गेल्यावर ती एका वर्षी सुमारे ११८२, पुढच्या वर्षी सुमारे ६८८, मग पुन्हा ११८२ अशी कायम हेलकावत राहते. वाढदर २.५ च्या आसपास नेल्यास दोनाऐवजी चार वर्षांचे चक्र दिसते. २.५७ च्या पुढे गेल्यावर बहुतेक ठिकाणी कोणतेही चक्र उरत नाही, आणि संख्या वरवर यदृच्छ वाटाव्यात अशा येत राहतात. सूत्रात दैवयोगाला कोठेही जागा नसताना हे घडते.

रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील आपल्या प्रसिद्ध लेखात या वर्तनाचे सविस्तर विवेचन केले. अशा साध्या समीकरणाशी विद्यार्थ्यांची ओळख लवकर करून द्यावी, हाताशी एखादे गणकयंत्र असले तरी ते पुरेसे आहे, असा त्याचा आग्रह होता. साधे सूत्र साधेच वर्तन देईल ही समजूत शास्त्रज्ञांमध्येही खोल रुजलेली होती. ती केवळ वाचून सुटत नाही. स्वतः आकडे चालवावे लागतात, हे त्याने ओळखले होते.

मात्र अध्यापनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न यानंतर येतो. व्हेरहुल्स्टचे मूळ समीकरण अवकल समीकरण आहे. म्हणजे त्यात काळ अखंड वाहतो. त्या समीकरणात वाढदर कितीही मोठा घेतला, तरी संख्या शांतपणे धारणक्षमतेकडे जाते. हेलकावे तेथे येतच नाहीत. ते आले काळाचे तुकडे पाडल्यामुळे. आज्ञावलीला अखंड काळ कळत नाही. तिला पायरी लागते. वरच्या हिशेबात ती पायरी एक वर्षाची होती. तीच एक दशांश वर्षाची केली, तर वाढदर २.३ असतानाही हेलकावे नाहीसे होतात.

मग हेलकावे खरे की खोटे? याचे उत्तर समीकरणात नाही आणि आज्ञावलीतही नाही. ते प्रतिमानात आणलेल्या प्राण्याच्या जीवनक्रमात आहे. वर्षातून एकदाच अंडी घालून मरणारा, ज्याच्या दोन पिढ्या कधी एकत्र येत नाहीत असा कीटक घेतला, तर एक वर्षाची पायरी हा त्याच्या जगण्याचाच भाग आहे, आणि तेथे हेलकाव्यांना जैविक अर्थ असू शकतो. ज्या जीवाणूंचे विभाजन सतत चालू असते त्यांच्यासाठी तेच हेलकावे अनुवादकाची चूक ठरतात. एकच ओळ, तेच आकडे. परंतु संदर्भ बदलला की एकदा ती निरीक्षण होते आणि एकदा आभास. संदर्भावाचून अर्थ नाही, हे तत्त्व साहित्याभ्यासक ज्या कसोशीने मानतो, त्याच कसोशीने ते येथे पाळावे लागते.

४. दोन वाक्यांचा क्रम

दुसरे उदाहरण भक्ष्य आणि भक्षक यांचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मोठ्या प्रमाणावर मंदावली. इटालियन प्राणिशास्त्रज्ञ उम्बेर्तो द’अँकोना याने तेथील बंदरांच्या बाजारनोंदी तपासल्या. फ्यूमे या बंदरात (आजच्या क्रोएशियातील रिएका) एकूण पकडीत मुशी, पाकट यांसारख्या भक्षक मासळीचे प्रमाण १९१४ मध्ये ११.९ टक्के होते. १९१८ मध्ये ते ३६.४ टक्क्यांवर गेले आणि १९२३ पर्यंत पुन्हा १०.७ टक्क्यांवर आले. मासेमारी कमी झाल्याचा लाभ भक्षकांनाच अधिक का व्हावा, हा प्रश्न द’अँकोनाने गणिती व्हीतो व्होल्तेरा याच्यापुढे ठेवला. १९२६ मध्ये व्होल्तेराने त्याचे उत्तर दोन जोडसमीकरणांत दिले. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका याने १९२५ च्या आपल्या ग्रंथात अशीच समीकरणे स्वतंत्रपणे मांडली होती. म्हणून हे प्रतिमान दोघांच्या नावाने ओळखले जाते.

प्रतिमानाचा आशय थोडक्यात असा : भक्ष्य आपल्या गतीने वाढते आणि भक्षकाशी गाठ पडल्याने घटते, भक्षक उपासमारीने घटतो आणि भक्ष्याशी गाठ पडल्याने वाढतो. यातून दोघांच्या संख्येची एकामागून एक येणारी, न संपणारी चक्रे निर्माण होतात. मासेमारी दोघांनाही मारते. तरी या समीकरणांनुसार तिच्यामुळे भक्ष्याची सरासरी वाढते आणि भक्षकाची घटते. मासेमारी थांबली की उलटे होते. फ्यूमेच्या आकड्यांना असे एक पटण्याजोगे कारण मिळाले.

विद्यार्थी ही समीकरणे आज्ञावलीत लिहितो तेव्हा दोन ओळी होतात : एक भक्ष्यासाठी, दुसरी भक्षकासाठी. समीकरणांना क्रम नसतो. दोन्ही एकाच क्षणी लागू असतात. आज्ञावलीला क्रम असतो. पहिल्या ओळीनंतर ‘भक्ष्य’ या नावाखाली नवी संख्या आलेली असते, आणि दुसरी ओळ ‘भक्ष्य’ हा शब्द वाचते तेव्हा तिला ही नवीच संख्या मिळते. समीकरणाशी इमान राखायचे, तर जुनी संख्या आधी बाजूला जपून ठेवावी लागते.

लहानसा हिशेब हा फरक दाखवतो. भक्ष्य १००, भक्षक १० आहेत. भक्ष्याचा वाढदर ०.४, त्यातून प्रत्येक भक्षकामागे ०.०२ ची घट. भक्षकाचा मृत्युदर ०.३, त्यात प्रत्येक भक्ष्यामागे ०.००२ ची भर. एका पायरीनंतर भक्ष्य १२० होते. भक्षकांची संख्या जुन्या १०० वरून काढली तर ९ येते. नव्या १२० वरून काढली तर ९.४. एका पायरीत फरक अगदी किरकोळ आहे. परंतु पायऱ्या वाढत गेल्या की दोन वेगळ्या कथा तयार होतात. जुनी संख्या जपणाऱ्या, म्हणजे वरकरणी अधिक प्रामाणिक असलेल्या आज्ञावलीत प्रत्येक चक्र आधीच्यापेक्षा मोठे होत जाते. शेवटी संख्या शून्यालगत कोसळतात किंवा त्याखालीही जातात. नवी संख्या वापरणाऱ्या, म्हणजे क्रमाच्या बाबतीत बेफिकीर असलेल्या आज्ञावलीत मात्र, पायरी पुरेशी लहान असेल तर, चक्रे जवळजवळ बंद राहतात आणि मूळ समीकरणाचा स्वभाव टिकतो.

या उदाहरणाचे शैक्षणिक मोल मोठे आहे. वाढती चक्रे पाहून ‘ही परिसंस्था अस्थिर आहे’ असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी वास्तविक आपल्या अनुवादपद्धतीचे वर्णन करत असतो. उलट, क्रमाकडे दुर्लक्ष करूनही ज्याला योग्य आलेख मिळाला, तो योग्य उत्तरापर्यंत अजाणता पोचलेला असतो. नव्या संख्येच्या वापरातून मूळ चक्राचा आकार का टिकतो, याची गणिती उपपत्ती आहे, आणि ती समजून घेतल्यावरच त्या उत्तरावर त्याचा हक्क सिद्ध होतो. शब्दशः अनुवाद मुळाला अधिक जवळचा असेलच असे नाही. किंचित मोकळा अनुवाद कधी मुळाचा घाट अधिक चांगला राखतो. भाषांतरमीमांसेतील हा जुना वाद येथे दोन ओळींच्या क्रमात आणि आकड्यांच्या पुराव्यासह उभा राहतो.

आणखी एक तुलना उद्बोधक आहे. रशियन जीवशास्त्रज्ञ गेऑर्गी गाउझे याने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत परीक्षानळीत पॅरामिशियम आणि त्याचा भक्षक डिडिनियम हे सूक्ष्मजीव एकत्र ठेवले. समीकरणातील न संपणारी चक्रे त्याला मिळाली नाहीत. भक्षकाने सारे भक्ष्य संपवले आणि मग तोही उपाशी मेला. ठरावीक काळाने बाहेरून दोन्ही जीव आणून सोडले तेव्हाच चढउतार टिकले. म्हणजे निसर्ग, समीकरण आणि आज्ञावली या तिन्ही संहिता एकाच विषयावर तीन वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात, आणि अभ्यासकाला तिन्ही शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

५. संहितेबाहेरचे

येथवरच्या उदाहरणांत चूक फार तर विद्यार्थ्याच्या वहीत राहते. पण अशाच प्रतिमानांवर माणसांची उपजीविका अवलंबून असते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यालगतच्या कॉड मासळीचे उदाहरण या संदर्भात अभ्यासक्रमांतून वारंवार येते. १९७७ मध्ये कॅनडाने आपली सागरी हद्द २०० मैलांपर्यंत वाढवली आणि किती मासळी पकडू द्यावी हे शास्त्रीय अनुमानांवरून ठरू लागले. १९८०च्या दशकात मासळीसाठ्याचे अनुमान प्रत्यक्षापेक्षा बरेच मोठे निघाले. जुलै १९९२ मध्ये सरकारला कॉडच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचे काम गेले. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली ही बंदी तीन दशकांहून अधिक काळ टिकली. २०२४ मध्ये ती उठवून मर्यादित व्यापारी मासेमारीला परवानगी देण्यात आली.

या अनुमानाच्या चुकीला अनेक कारणे होती. त्यांतील एक आज्ञावलीच्या एका ओळीत मावते. मोठ्या नौकांना ठरावीक श्रमात किती मासळी मिळते, त्यावरून समुद्रात किती मासळी आहे हे ठरवले जात होते. पकड निम्मी झाली तर साठाही निम्मा झाला, असे हे समप्रमाण होते. परंतु कॉड थव्याने राहणारा मासा आहे, आणि आधुनिक उपकरणांनी सज्ज नौका उरलेले थवे बरोबर शोधून काढतात. साठा घटला तरी प्रत्येक फेरीची पकड फारशी घटत नाही. विद्यार्थी आज्ञावलीत ही एकच ओळ बदलून पाहतो. पकड साठ्याच्या प्रमाणात न घेता त्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घेतली, तर साठा एक चतुर्थांशावर आला तरी पकड निम्मीच होते. समप्रमाण गृहीत धरून वाचणाऱ्याला मग वाटते, की अजून अर्धी मासळी शिल्लक आहे. लिहिलेले गृहीतक उघडे पाडण्याची आज्ञावलीची शक्ती येथे पूर्णपणे दिसते. समप्रमाण ही निसर्गाची देणगी नसून कोणीतरी केलेली निवड आहे, हे ती ओळ बदलणाऱ्याला विसरता येत नाही.

पण ती ओळ बदलावी, हे सुचणार कोठून? लहान होड्यांतून किनाऱ्यालगत मासेमारी करणारे लोक १९८०च्या दशकातच सांगत होते, की मासळी कमी होत आहे आणि आकाराने लहान मिळत आहे. त्यांचे बोलणे आकड्यांच्या तक्त्यात बसत नव्हते. संहितेत त्यांच्यासाठी चल नव्हता, म्हणून संहितेच्या कितीही सूक्ष्म वाचनाने ते ऐकू आले नसते.

भारतातील एक उदाहरण याच्याशी ताडून पाहता येते. माधव गाडगीळ यांचे हार्वर्ड विद्यापीठातील पीएच. डी.चे संशोधन गणिती परिस्थितिविज्ञानातील होते. विल्यम बॉसर्ट यांच्यासमवेत त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला सजीवांच्या जीवनक्रमाच्या उत्क्रांतीवरील निबंध त्या विषयात मान्यता पावलेला आहे. भारतात परतल्यावर १९७०च्या दशकात त्यांनी कर्नाटकातील बांबूच्या साठ्याचा अभ्यास केला. कागदगिरण्यांसाठी होणाऱ्या तोडीमुळे बांबू घटत होता. बांबूच्या बेटाच्या तळाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. ते काढले की बेटातील गर्दी कमी होऊन वाढ सुधारेल, असा तोडीच्या व्यवस्थापनात समज होता. उत्तर कन्नडमधील गावकऱ्यांचे म्हणणे याच्या उलट होते. काट्यांचे जाळे कोवळ्या कोंबांचे गुराढोरांपासून व रानजनावरांपासून रक्षण करते, ते काढले की कोंब खाल्ले जातात, असे ते सांगत. क्षेत्रीय निरीक्षणांनी गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरवले.

हीच गोष्ट प्रतिमानाच्या भाषेत अशी सांगता येईल : बेटातील नव्या बांबूंची संख्या काढणाऱ्या सूत्रात ‘गर्दी’ हे पद होते, ‘चराई’ हे पद नव्हते. गर्दीचा स्थिरांक कितीही अचूक मोजला आणि आज्ञावली कितीही निर्दोष लिहिली, तरी नसलेले पद तिच्यातून उगवले नसते. ते आले मौखिक ज्ञानातून. गणितात मुरलेला अभ्यासक बेटाजवळ जाऊन गावकऱ्यांशी बोलला, म्हणून ते प्रतिमानात शिरले. न्यूफाउंडलंड आणि उत्तर कन्नड यांचे भूगोल, प्राणी आणि अर्थकारण सर्वस्वी भिन्न आहेत. तरीही दोन्ही ठिकाणी लिखित आकडा आणि बोलले गेलेले अनुभवज्ञान यांतील अंतर हाच निर्णायक घटक ठरला.

६. पुन्हा गद्याकडे

समीकरणांच्या भाषेची आणखी एक मर्यादा तिच्या व्याकरणातच आहे. तिच्यात प्राणी मोजले जातात, पण एकेक प्राणी नसतो. इंग्लंडमधील कोल्ह्यांत अलर्क रोग कसा पसरेल याचे जेम्स मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केलेले प्रतिमान प्रसिद्ध आहे. त्यात रोगाची पहिली लाट ओसरल्यावर काही वर्षांनी दुसरी येत असे. डेनिस मॉलिसन याने १९९१ मध्ये दाखवून दिले, की या दोन लाटांच्या मधल्या काळात दर चौरस किलोमीटरमागे उरलेला रोगी कोल्हा म्हणजे एका कोल्ह्याच्या अब्जांशाचा अब्जांश होता. समीकरणाला असा कोल्हा चालतो. इतकेच नव्हे, तर तो पुढची साथही सुरू करू शकतो.

यावर उपाय म्हणून प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र पात्र मानणारी प्रतिमाने विशेषतः १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जोमाने पुढे आली. अध्यापनात यासाठी युरी विलेन्स्की याने १९९९ मध्ये तयार केलेली ‘नेटलोगो’ ही संगणकभाषा फार वापरली जाते. तिचे मूळ मुलांसाठी १९६७ मध्ये निर्माण झालेल्या ‘लोगो’ भाषेत आहे. नेटलोगोबरोबर मिळणाऱ्या लांडगे-मेंढ्यांच्या प्रतिमानात प्रत्येक लांडगा आणि प्रत्येक मेंढी पडद्यावर स्वतंत्रपणे हिंडते, खाते, विते आणि मरते. गवत अमर्याद मानले, तर बहुधा एक किंवा दोन्ही जाती नष्ट होतात. गवतही चरल्यावर पुन्हा उगवायला वेळ घेते असे मानले, तर तिघांचे सहजीवन बहुधा टिकते. म्हणजे येथे टिकाव आला तो मेंढ्यांवर एक अडचण लादल्यामुळे.

अशा प्रतिमानांचा एक परिणाम साहित्याभ्यासकाच्या विशेष आस्थेचा आहे. शेकडो पात्रे असलेली आज्ञावली समीकरणासारखी एका ओळीत छापता येत नाही, आणि वाचकाला ती पुन्हा रचताही येत नाही. म्हणून २००६ मध्ये व्होल्कर ग्रिम आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी प्रतिमानांच्या गद्य वर्णनाचा एक प्रमाण आराखडा सुचवला. २०१० आणि २०२० मध्ये तो सुधारण्यात आला. आढावा, रचनासंकल्पना आणि तपशील असे त्याचे तीन भाग आहेत. हेतू काय, पात्रे कोणती, त्यांना काय ठाऊक असते, स्थळ-काळाचा आवाका केवढा, हे ठरलेल्या अनुक्रमाने सांगावे लागते. कोण आधी कृती करतो आणि कोण नंतर, झालेला बदल इतरांना लगेच कळतो की पायरी संपल्यावर, हेही स्पष्ट लिहावे लागते. भक्ष्य-भक्षकांच्या दोन ओळींत जो प्रश्न लपलेला होता, तो येथे वर्णनाचा सक्तीचा भाग झाला आहे. कथनमीमांसेने कादंबरीला विचारलेले पात्र, दृष्टिकोन, काळ आणि क्रम यांविषयीचे प्रश्न शास्त्रज्ञांना आपल्या गरजेतून स्वतंत्रपणे विचारावे लागले, आणि त्यांतून शास्त्रीय गद्याचा एक नवा प्रकार घडला.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की आज्ञावली लिहिणे हे प्रतिमान ‘वापरण्याचे’ केवळ तंत्र नाही. विधानाचे आज्ञेत रूपांतर, काळाचे तुकडे पाडणे आणि एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी क्रमाने मांडणे या तीन क्रियांत अर्थ बदलतो, आणि तो बदल ओळखायला शिकणे हाच या अध्ययनाचा गाभा आहे. दुसरा असा, की आज्ञावलीची चिकित्सक शक्ती लिखित गृहीतकांपुरती मर्यादित आहे. कॉडच्या हिशेबातील समप्रमाण बदलून पाहता येते, कारण ते लिहिलेले आहे. बांबूच्या सूत्रातील चराई बदलून पाहता येत नाही, कारण ती लिहिलेलीच नाही. अशी पदे क्षेत्रातून आणि ज्यांचे जगणे त्या क्षेत्राशी बांधलेले आहे त्यांच्या बोलण्यातूनच यावी लागतात.

तिसरा निष्कर्ष समीक्षाव्यवहाराशी निगडित आहे. ‘निसर्गाचा समतोल’ हा शब्दप्रयोग एखाद्या संहितेच्या विश्लेषणात वापरताना, तो व्हेरहुल्स्टच्या वक्ररेषेचा समतोल आहे, व्होल्तेराच्या चक्रांचा, की गवताच्या अडचणीवर टिकलेल्या लांडगे-मेंढ्यांचा, हे विचारणे आवश्यक ठरते. हे तिन्ही समतोल वेगळे आहेत, आणि त्यांच्यावर आधारलेली वाचनेही वेगळी होतील. तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याने एखादा आठवडा अशा चार ओळींच्या आज्ञावल्या स्वतः लिहिण्यात घालवला, तर उसन्या संज्ञांकडे पाहण्याची त्याची नजर निश्चित बदलेल. परिस्थितिविज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही, आपण लिहिलेल्या ओळीत कोणाचा आवाज आलेला नाही हे शोधताना, संहितेतील मौन वाचण्याची साहित्याभ्यासकाची सवय उपयोगी पडेल.